वाघ आणि ध्रुवीय अस्वल: संरक्षण एकाच वर्षी सुरू झालं, मग आज इतका फरक का?

टेकडीवाट
१९७३ साल वन्यजीवांसाठी दोनदा महत्त्वाचं ठरलं. एप्रिलमध्ये आपला व्याघ्र प्रकल्प सुरू झाला आणि नोव्हेंबरमध्ये ऑस्लोत पाच देशांनी ध्रुवीय अस्वलाच्या संरक्षणाचा करार केला: कॅनडा, अमेरिका, नॉर्वे, सोव्हिएत संघ आणि ग्रीनलंडसाठी डेन्मार्क. शीतयुद्ध चालू असताना अमेरिका आणि सोव्हिएत संघ एका प्राण्यासाठी एकत्र बसले, याचं मला आजही कौतुक वाटतं.

तेव्हा दोघांचा शत्रू एकच होता, बंदूक. आपल्याकडच्या शिकारींबद्दल सगळ्यांना माहीत आहे. तिकडे अलास्कात छोट्या विमानांतून अस्वलं हेरून मारत. नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवर लाकडी पेटीत बंदूक बसवून तिच्या चापाला आमिष बांधत; अस्वलाने आमिष ओढलं की गोळी सुटायची. मादी मेली की मागे राहिलेली पिल्लंही जगत नसत. हे थांबल्यावर बऱ्याच ठिकाणी अस्वलं सावरली.

आकडे पाहिले तर वाघाची काळजी जास्त वाटायला हवी. २००६ मध्ये भारतात वाघांचा अंदाज १,४११ होता, २०२२ मध्ये तो ३,६८२ झाला, त्यातले ४४४ महाराष्ट्रात. ध्रुवीय अस्वलं जगात अंदाजे २६,०००. तरीही मला अस्वलाचीच काळजी जास्त वाटते, आणि त्याचसाठी हा धागा.

वाघाला जंगल, पाणी आणि चितळ-सांबर-रानडुक्कर मिळालं की तो राहतो. सरिस्कात चोरट्या शिकारीमुळे २००४-०५ च्या सुमारास एकही वाघ उरला नव्हता. पण अरवलीतलं ते जंगल जागेवर होतं, म्हणून २००८ पासून रणथंबोरचे वाघ आणून तिथे सोडता आले. नवेगाव-नागझिऱ्यात २०२३ मध्ये वाघिणी सोडल्या, त्याही याच भरवशावर. ध्रुवीय अस्वलाच्या बाबतीत हा भरवसाच उरत नाही. त्याची शिकारीची जागा म्हणजे समुद्रावर गोठलेला बर्फ, आणि तोच कमी होतोय. सप्टेंबर महिन्यात आर्क्टिक समुद्रावर सर्वांत कमी बर्फ असतो. १९८० च्या दशकात तेव्हाही साधारण ७० लाख चौरस किलोमीटर बर्फ उरायचा. २०१२ मध्ये तो ३४ लाखांपर्यंत खाली आला होता.

शास्त्रज्ञ या अस्वलाची गणना सागरी सस्तन प्राण्यांत करतात. त्याचं मुख्य अन्न सील, त्यातही रिंग्ड सील. मोकळ्या पाण्यात सील त्याच्या हाती लागत नाही, सहज निसटतो. म्हणून अस्वल बर्फातल्या श्वास घ्यायच्या भोकाशी तासन्‌तास न हलता थांबतं आणि सील वर आला की झडप घालतं. वसंतात सीलच्या माद्या बर्फावरच्या हिमाच्या थरात पोकळ्या करून पिल्लं घालतात. अस्वल वासाने ती जागा शोधतं आणि पुढच्या पायांवर सगळं वजन टाकून छत फोडतं. दूध सुटायच्या वेळी या पिल्लाचं जवळपास निम्मं वजन चरबीचं असतं. धष्टपुष्ट अस्वल आधी चरबी खातं. मांस पुष्कळदा तसंच टाकतं आणि मागून येणारे आर्क्टिक कोल्हे त्यावर जगतात.

एप्रिलपासून बर्फ फुटेपर्यंतच्या या थोड्या आठवड्यांत अस्वल वर्षाच्या पोटाची मोठी बेगमी करतं. कोरडवाहू शेतकऱ्याचं घर जसं एका खरिपावर वर्ष काढतं, तसं. बर्फ तीन आठवडे आधी फुटला तर नेमके भरगच्च आठवडे जातात. थंडी, ताकद, नखं, दात यांवर आपण खूप बोलतो. हे जनावर जगणार की नाही ते मात्र बर्फ किती दिवस टिकतो यावर ठरतं, असं माझं मत आहे. तुम्हाला काय वाटतं?

जुईली_ठाणे
छान लिहिलंय. एक शंका आहे. तपकिरी अस्वल फळं, मुळं, मासे, किडे, हरणं सगळं खातं. ध्रुवीय अस्वल त्याचाच जवळचा भाऊबंद ना? मग जमिनीवर येऊन त्याच्यासारखं का राहू शकत नाही? अंडी खाताना, बेरी खाताना त्याचे व्हिडिओ मी पाहिले आहेत.

टेकडीवाट
जुईलीताई, या प्रश्नावर खरंच संशोधन झालंय. कॅनडातल्या हडसन उपसागराच्या पश्चिम किनाऱ्यावर २० अस्वलांच्या गळ्यात कॅमेऱ्याचे पट्टे बांधून उन्हाळ्यात सुमारे तीन आठवडे ती काय करतात ते पाहिलं. २०२४ मध्ये ते प्रसिद्ध झालं. काही अस्वलं नुसती पडून राहिली, काहींनी बेरी, गवत, पक्षी, हाडं असं मिळेल ते खाल्लं, काही समुद्रात लांबवर पोहत गेली. २० पैकी १९ अस्वलांचं वजन घटलं, सरासरी दिवसाला किलोभर. वणवण करून खाणाऱ्यांना पडून राहणाऱ्यांपेक्षा काहीच जास्त फायदा झाला नाही. जे मिळालं ते शोधण्यातच खर्ची पडलं.

दुसरा पुरावा मला याहून पटतो. आर्क्टिक किनाऱ्यालगत आजही तपकिरी अस्वलं राहतात. ती त्यांच्या जातीतल्या सगळ्यांत लहानांपैकी, आणि संख्येनेही विरळ. अलास्कातल्या कोडियाक बेटावर तीच जात सॅमन माशांवर पोसून ध्रुवीय अस्वलाच्या तोलाची होते. म्हणजे उत्तरेकडच्या त्या उघड्या जमिनीत मोठं अस्वल पोसायची ताकदच नाही. पाच-सहाशे किलोच्या नराला तिथे काय पुरणार?

विदर्भातला
आमच्या अस्वलाबद्दल लिहितो, कारण तुलनेत ते नेहमी राहून जातं. मेळघाटात, ताडोब्यात, गडचिरोलीकडे जे काळं अस्वल आहे ते खाण्याच्या बाबतीत पार दुसऱ्या टोकाला. वाळवी हे त्याचं मुख्य खाणं. वारूळ फोडून ओठांची नळी करून ते वाळवी ओढून घेतं; वरच्या जबड्यात पुढचे मधले दोन दातच नसतात, त्यामुळे फट मिळते. ओढण्याचा तो आवाज रात्री लांबून ऐकू येतो. शिवाय मध, मोहाची फुलं, बोरं, जांभळं, टेंभरं. एक संपलं की दुसरं येतं. उपवासाची वेळच येत नाही, शीतनिद्राही नाही. पिल्लं आईच्या पाठीवर बसून फिरतात, हे जगातल्या बाकी अस्वलांत सहसा दिसत नाही.

पण म्हणून ते सुरक्षित आहे असं नाही. मोह गळायला लागला की पहाटे माणसंही त्याच झाडाखाली आणि अस्वलही. तेंदूपत्त्याच्या हंगामात तेच. नजर कमजोर, अचानक समोर माणूस आला की पळण्याऐवजी अंगावर येतं आणि थेट चेहऱ्यावर. आमच्याकडे वाघापेक्षा अस्वलाला घाबरणारी माणसं खूप आहेत. आययूसीएन या निसर्ग संवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या यादीत आपलं अस्वल आणि ध्रुवीय अस्वल दोघंही एकाच वर्गात आहेत, असुरक्षित. एकाचं जंगल तुकड्यांत तुटतंय, दुसऱ्याचा बर्फ.

हिशेबी
मला पटत नाहीये, म्हणून स्पष्ट विचारतो. सगळीकडे वाचायला मिळतं की १९६० च्या सुमारास ध्रुवीय अस्वलं ५,००० होती आणि आता २५,००० च्या वर आहेत. पाचपट वाढलेला प्राणी संकटात कसा? २०१७ मध्ये एका मरणोन्मुख अस्वलाचा व्हिडिओ जगभर फिरवला, आणि नंतर ज्या मासिकाने तो दाखवला त्यांनीच मान्य केलं की हवामान बदलाशी त्याचा थेट संबंध जोडणं जास्त झालं. एका अस्वलावरून जगाला रडवायचं हे बरोबर नाही.

टेकडीवाट
हिशेबी, व्हिडिओबद्दल पूर्ण सहमत. ते अस्वल म्हातारं होतं, आजारी होतं की जखमी, हे व्हिडिओवरून कुणालाच सांगता येत नव्हतं. एका मरणाऱ्या प्राण्यावरून निष्कर्ष काढू नये.

५,००० चा आकडा मात्र मी वापरणार नाही. त्या काळातले अंदाज मोजक्या जागांवरच्या निरीक्षणांवरून बांधलेले होते. आर्क्टिकचा मोठा भाग कुणी नीट मोजलेलाच नव्हता. तेव्हाचा तर्क आणि आताचा अंदाज वजा करून वाढ काढता येत नाही. शिकार थांबल्यावर काही ठिकाणी अस्वलं वाढली हे खरंच आहे, आणि त्याचं श्रेय करारालाच.

एकाच बेरजेपेक्षा गटवार पाहायला हवं. ध्रुवीय अस्वलांचे साधारण वीस गट मानले जातात. पश्चिम हडसनमध्ये २०१६ च्या हवाई मोजणीत ८४२ आढळली, २०२१ मध्ये ६१८. अलास्काच्या उत्तरेला दक्षिण ब्यूफोर्ट समुद्रात २००१ ते २०१० या काळात संख्या सुमारे ४० टक्क्यांनी घटली. दुसरीकडे अलास्का आणि रशिया यांच्यामधल्या चुकची समुद्रात जवळपास ३,००० अस्वलं आहेत आणि चांगली धडधाकट, कारण तिथला समुद्र उथळ आणि सीलने भरलेला. बर्फ सगळीकडे एकाच वेगाने जात नाही, खाणंही सगळीकडे सारखं नाही. म्हणून काही गट आधी खचतील, काही उशिरा. बेरजेत हे दिसत नाही.

मॅनिटोबाकर
मी विनिपेगला राहतो आणि चर्चिलला जाऊन आलोय. चर्चिल हे हडसन उपसागराच्या काठचं हजारभर वस्तीचंही नसलेलं गाव. रस्ता तिथे पोचत नाही. आगगाडीने दोन दिवस किंवा विमानाने. उन्हाळ्यात उपसागरातला बर्फ पूर्ण वितळतो आणि अस्वलं किनाऱ्यावर येतात. नदीचं गोडं पाणी समुद्रात मिसळतं म्हणून तिथे बर्फ लवकर धरतो, आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात अस्वलं त्या भागात जमून वाट बघत बसतात. १९८० च्या दशकाच्या तुलनेत आता त्यांना तीन-चार आठवडे जास्त जमिनीवर काढावे लागतात.

गावात घराची, गाडीची दारं लोक कुलूप न लावता ठेवतात, म्हणजे अस्वल समोर आलं तर कुणीही कुठेही आत शिरू शकेल. ३१ ऑक्टोबरला मुलं भोपळ्याच्या सणासाठी, म्हणजे हॅलोविनसाठी, दारोदार फिरतात तेव्हा गावाभोवती बंदूकधारी पहारा असतो. वस्तीत वारंवार येणारं अस्वल पकडून एका मोठ्या गोदामात ठेवतात. तिथे त्याला खायला देत नाहीत, नाहीतर त्याला माणसाजवळ अन्न मिळतं अशी सवय लागेल. मग हेलिकॉप्टरला जाळ्यात टांगून उत्तरेकडे नेऊन सोडतात. पूर्वी गावाचा उघडा कचराडेपो होता, अस्वलं तिथे पोट भरायची. २००५ मध्ये तो बंद केला. माझ्या मते ज्या काळात अस्वलं सर्रास मारली जात, त्या मानाने या गावाने फार मोठा पल्ला गाठलाय.

आणि जे डोळ्यांनी दिसतं ते सांगतो. तिथली जुनी माणसं म्हणतात की एकेकाळी मादीमागे तीन पिल्लं दिसणं नवल नव्हतं. आता दोनसुद्धा मोठी होतील याची खात्री नसते.

जुईली_ठाणे
पिल्लांचं गणित कुणी समजावेल का? मादी इतके महिने उपाशी राहून दूध कसं पाजते?

टेकडीवाट
हा त्या प्राण्याच्या आयुष्यातला सगळ्यांत अवघड भाग. मीलन एप्रिल-मेमध्ये होतं, पण गर्भ लगेच रुजत नाही. शरदापर्यंत तो तसाच थांबतो आणि मादीच्या अंगावर पुरेशी चरबी साठली असेल तरच रुजतो. नसेल तर ते वर्ष मोकळं जातं. शरीरच हिशेब करतं. मग फक्त गाभण मादी बिळात शिरते. नर आणि बाकीच्या माद्या हिवाळाभर बर्फावर शिकार करत फिरतात. पिल्लं जन्मतात ती साधारण ६०० ग्रॅमची, आंधळी. दुधात ३० टक्क्यांहून जास्त चरबी असते. पश्चिम हडसनची मादी उन्हाळ्यात जमिनीवर आल्यापासून पिल्लांना घेऊन पुन्हा बर्फावर जाईपर्यंत सुमारे आठ महिने काहीच खात नाही, आणि त्यातच बाळंत होऊन दूध पाजते. पिल्लं अडीच वर्षं आईबरोबर राहतात, त्यामुळे साधारण तीन वर्षांनी एकदा वीण.

वाघीणही पिल्लांना दोनेक वर्षं सांभाळते. पण तिचं एक वेत गेलं तर ती काही महिन्यांत पुन्हा गाभण राहू शकते. म्हणून शिकार थांबली की वाघ पटापट भरून येतात. अस्वलाला ती सवड नाही.

पोहण्याबद्दल वर आलंय म्हणून हेही लिहितो. २००८ मध्ये ब्यूफोर्ट समुद्रात गळपट्टा बांधलेली एक मादी बर्फ शोधत सलग नऊ दिवस पोहली, ६८७ किलोमीटर. पोचली खरी, पण शरीराचं २२ टक्के वजन गेलं आणि बरोबरचं वर्षाचं पिल्लू वाटेत गेलं. हे वाचल्यापासून ‘अस्वलं पट्टीची पोहणारी असतात, काही होत नाही’ असं कुणी म्हटलं की मला राहवत नाही.

सागरिका_वास्को
आमच्या वास्कोतच राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र आहे, त्यामुळे हा विषय आम्हा गोवेकरांना तितका लांबचा वाटत नाही. भारताचं आर्क्टिकमधलं ‘हिमाद्री’ केंद्र २००८ पासून स्वालबार्डच्या नी-ऑलेसुंद वस्तीत आहे, ७९ अंश उत्तरेला. तिथे वस्तीबाहेर पाऊल टाकायचं तर अस्वलापासून बचावाची तयारी आणि बंदूक बरोबर लागते, आणि घरांची दारं चर्चिलसारखीच बिनकुलपाची.

स्वालबार्डचं उदाहरण टेकडीवाट यांच्या मांडणीत थोडी भर घालतं. त्या बाजूचा समुद्र आर्क्टिकमधल्या सगळ्यांत वेगाने बर्फ गमावणाऱ्या भागांपैकी, तरीही तिथली अस्वलं आजवर अपेक्षेपेक्षा चांगल्या अवस्थेत आहेत. शिकारबंदीनंतर तिथे रेनडियर आणि वॉलरसही वाढले. अस्वलं रेनडियर मारताना, पक्ष्यांची अंडी फस्त करताना, वॉलरसच्या मृत देहावर ताव मारताना दिसतात. २०२० मध्ये एका अस्वलाने रेनडियरला समुद्रात पिटाळून बुडवून मारल्याचं चित्रीकरण झालंय. म्हणजे सगळीकडे एकाच पद्धतीने शेवट होईल असं धरून चालू नये. पण हा साठा हडसनच्या किनाऱ्यावर नाही, आणि स्वालबार्डलाही तो किती अस्वलांना आणि किती वर्षं पुरेल हे सांगणं कठीण.

टेकडीवाट
सागरिकाताई, ही भर फार महत्त्वाची. याच जातीचं आणखी एक उदाहरण २०२२ मध्ये समोर आलं. आग्नेय ग्रीनलंडमध्ये काही शे अस्वलांचा एक वेगळाच गट सापडला. तिथे समुद्री बर्फ वर्षात जेमतेम १०० दिवस असतो. उरलेल्या काळात हिमनद्या समुद्राला मिळतात तिथे तुटून पडलेल्या गोड्या बर्फाच्या तुकड्यांवर ती शिकार करतात. माद्या आकाराने लहान, पिल्लंही कमी. असा आसरा मिळायला हिमनदी थेट समुद्रात उतरावी लागते, आणि आर्क्टिकच्या फार थोड्या किनाऱ्यांवर तसं आहे.

मुक्ता_शिक्षिका
माझ्या वर्गातली मुलं दरवर्षी विचारतात: ही अस्वलं उचलून अंटार्क्टिकाला नेली तर? तिथे बर्फही आहे आणि सीलही. मी नाही म्हणते, पण नीट कारण द्यायला आवडेल.

सागरिका_वास्को
मुक्ताताई, तिथल्या सीलना आणि पेंग्विनना जमिनीवरून येणारा मोठा शिकारी कधी भेटलेलाच नाही. ती पळायलाच शिकलेली नाहीत. अस्वलं काही वर्षं मजेत खातील आणि मागे वसाहती ओस पडतील. शिवाय तिथलाही बर्फ आता भरवशाचा नाही. एम्परर पेंग्विन किनाऱ्याला धरून असलेल्या समुद्री बर्फावर पिल्लं वाढवतात. २०२२ मध्ये बेलिंग्सहाउझेन समुद्रात बर्फ आधीच फुटला आणि पाचपैकी चार वसाहतींतली पिल्लं जवळजवळ सगळी गेली, कारण त्यांना अजून पाण्यात टिकणारी पिसं आली नव्हती. अस्वलाशी तुलना करायची तर मला वाघापेक्षा हा पेंग्विनच जवळचा वाटतो.

विदर्भातला
मॅनिटोबाकर, तिथल्या मूळच्या लोकांचं काय म्हणणं आहे? आमच्याकडे जंगलातल्या माणसाला न विचारता नियम होतात तेव्हा काय होतं ते आम्ही पाहिलंय.

मॅनिटोबाकर
इन्युइट लोकांना ठरवून दिलेल्या कोट्यात शिकारीचा हक्क आहे, १९७३ च्या करारातही ती मुभा होती. मांस गावात वाटून खातात, कातड्याचे पैसे घरखर्चाला येतात. त्यांच्यातले बरेच जण सांगतात की गावाजवळ अस्वलं पूर्वीपेक्षा जास्त दिसतात. शास्त्रज्ञ म्हणतात, बर्फ नसल्याने ती जास्त काळ जमिनीवर असतात म्हणून जास्त दिसतात. या दोन म्हणण्यांत बराच ताण आहे आणि मला वाटतं दोघांचं ऐकायला हवं. २०१८ च्या उन्हाळ्यात आर्व्हियाटजवळ एक वडील मुलांना वाचवायला मध्ये उभे राहिले आणि अस्वलाच्या हल्ल्यात गेले. दूर शहरात बसून त्या गावांना उपदेश करणं मला जमत नाही.

हिशेबी
गटवार आकड्यांचा मुद्दा पटला. मग विचारतो: राखीव क्षेत्र, पहारा, शिकारबंदी यांनी बर्फ थांबणार नसेल तर या प्राण्यासाठी नेमकं काय करता येतं?

टेकडीवाट
दोन पातळ्यांवर करता येतं. स्थानिक कामं मॅनिटोबाकरांनी सांगितलीच: कचरा बंद, गस्त, कोटा. त्यात जहाजांचे मार्ग आणि तेलाच्या विहिरी बिळांपासून दूर ठेवणं आलं. कॅनडाने २०१९ मध्ये एल्समिअर बेटाच्या उत्तरेचा समुद्र संरक्षित केला, कारण उन्हाळी बर्फ सगळ्यांत शेवटपर्यंत तिथेच टिकेल असा अंदाज आहे. याने अस्वलांना वेळ मिळतो.

खरं उत्तर कार्बन उत्सर्जनात आहे. २०१० मध्ये एका अभ्यासाने दाखवलं की उन्हाळी बर्फाला ‘एकदा गेला की गेलाच’ असा कडेलोटाचा बिंदू दिसत नाही. तापमान जेवढं वाढेल त्या प्रमाणात तो कमी होतो, आणि वाढ थांबली तर घटही थांबते. २०२० मध्ये अस्वलं किती दिवस उपाशी राहू शकतात यावरून गटवार अंदाज काढले गेले. उत्सर्जन असंच चढत राहिलं तर २१०० पर्यंत अगदी उत्तरेकडचे थोडे गट सोडून बहुतेक ठिकाणी पिल्लं जगणं बंद होईल. मध्यम कपात झाली तर जास्त गट तगतात, तरी काही जातातच. पश्चिम हडसन कदाचित वाचणार नाही. पण अर्धा अंश कमी तापला तर आणखी कुठल्यातरी किनाऱ्यावर मादीला गर्भ रुजण्याइतकी चरबी साठवता येईल, आणि हा फरक माझ्या लेखी मोठा आहे.

मुक्ताताई, मुलांना सांगण्यासाठी पश्चिम हडसनचे आकडे आणि नऊ दिवस पोहलेल्या मादीची हकिकत दोन्ही वापरा. सील पिल्लांच्या हिमातल्या पोकळ्यांचं चित्र काढायला दिलंत तर त्यांना बर्फाचं महत्त्व चटकन कळेल, असं वाटतं.